पांढऱ्या मातीचं पहिलं टोपलं

छप्पन सालची दिवाळी तोंडावर आली, तरी वडनेरच्या भिंती धुरकटच होत्या. तेव्हा चुना विकत आणायची चाल नव्हती. नदीच्या दरडीतली पांढरी माती आणून घरं पोतारायची. पण पहिलं टोपलं वच्छलाबाईंनी भरल्याशिवाय कोणी कुदळ लावायची नाही, ही रीत. आणि नेमकी त्यांचीच सून, सुधा, पदर खोचून दरडीपुढे उभी होती.

“आत्याबाई, सोमवारपर्यंत थांबा. अच्युतदादा नागपूरहून ही दरड पाहायला येतोय.” तिचा हा भाऊ कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा.

“सुनबाईले माहेर लई आठवून राह्यलं!” शेजारची शकुबाई म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

सुधा जागची हलली नाही. “भिंतीला गेलेली माती परत दरडीत बसवता येत नाही, शकुमावशी.”

“असं काय पुरलं हाये तिच्यात?” वच्छलाबाईंनी विचारलं.

सुधानं खुरपं खालच्या तांबूस थरावर टेकवलं. तिथं गोट्यांत तळहाताएवढी दगडी हत्यारं अडकली होती. “ही घडवली तेव्हा इथं पाणी होतं, मोठी जनावरं होती. मग पाऊस एकाएकी रुसला, असं दादाला वाटतं. रान करपलं, वाऱ्यानं धूळ आणली. तीच ही पांढरी माती.” पांढऱ्यात तिनं नखाएवढी दगडी पाती दाखवली, शिंपले दाखवले. “शिकार गेली, तर माणसं डोहाकाठी उतरली. हत्यारं बारीक केली. मिळेल ते खाल्लं.”

वच्छलाबाईंनी एक काळा डाग चाचपला. “चूल हाये ही.”

“हो. आणि वर धूळ साचल्यावर ही दुसरी.”

“म्हणजे उठून गेल्या नाई त्या बाया?”

“गेल्याही असतील. पण परत आल्या.”

वच्छलाबाईंनी त्या दुसऱ्या चुलीवरूनही बोट फिरवलं. मग त्यांनी टोपलं उपडं घातलं नि त्यावर ठाण मांडलं.

“हे काय वो बाई?” शकुबाई करवादली. “शुक्रवारी दिवाळी हाये!”

“मंगळवारी भरीन टोपलं. नाई पुरले दिवस, तर काळी भिंत माह्या घरापासून.”

बाया कुरकुरत परतल्या. सुधा खाली बसून चुलीभोवतालची माती अलगद खरवडू लागली.

“इतक्या हळू काऊन?” मागून सासू कडाडली. “हात चालव. सोमवार का दूर हाये?”