कोरी समजलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पाठीवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली आहे, पण तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. तुमच्यातल्या अनेकांनी माझ्यासारखी कॅसेट हातातही घेतली नसेल. काळा, पुस्तकाएवढा डबा, पोटात दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली लांबच लांब फीत. दिसायला मी काही देखणी नाही. तरी एके काळी पुण्यातल्या एका घरात मला बघायला शेजारच्या मुली दाराशी चपलांचा ढीग करत असत.

ते घर लीलावतीबाईंचं. त्यांना दोन मुली, थोरली विभा आणि धाकटी कादंबरी. त्या काळी टीव्हीवर ‘सायकल स्टँड’ नावाची मालिका लागायची. अकरावीतली मुलं, त्यांच्या सायकली, रुसवेफुगवे, पहिल्यांदा खोटं बोलणं, पहिल्यांदा खरं बोलणं, असं सगळं तिच्यात होतं. मालिकेतल्या शरयूचं काम करायची आमची कादंबरी. तिची एक खोड होती. वाक्य संपायच्या आधीच ती हसायची आणि उरलेलं वाक्य त्या हसण्यातून बाहेर काढायची. मालिका लिहिणारे हरीशदादा आधी तिच्यावर ओरडले. मग लोकांना तेच आवडायला लागलं, तेव्हा ते मुकाट्यानं गप्प बसले.

लीलावतीबाईंनी शरयूचे चांगले चांगले प्रसंग आणि मालिकेचा शेवट माझ्यावर उतरवून घेतला. मग माझ्या कडेचं एक छोटं पातं मोडून टाकलं. ते मोडलं की कॅसेटवर दुसरं काही उतरवता येत नाही. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आता माझ्या पोटात जे आहे ते कायमचं आहे, असं मी धरून चालले.

मालिका संपून वर्ष झालं नव्हतं, तेव्हा तापाचं निमित्त झालं आणि कादंबरी गेली. त्यानंतर त्या घरात मला कुणी लावलं नाही. पुढे विभाचं लग्न झालं, तिच्या नवऱ्याला, श्यामला, जपानमध्ये सॉफ्टवेअरचं काम मिळालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी लीलावतीबाईंनी मला मुलीच्या हातात ठेवलं.

“मला नाही बघवत,” त्या म्हणाल्या. “तू घेऊन जा. कधी वाटलं तर बघ.”

विभानं माझ्या पाठीवर नाव लिहायला पेन हातात घेतलं होतं. मग तिनं टोपण लावून टाकलं.

टोकियोत निशी-कसाईला त्यांचं घर. श्यामसारखे पुण्या-मुंबईचे कितीतरी इंजिनीअर तेव्हा तिथे येऊन राहत होते. खालच्या गल्लीत तूरडाळ आणि कढीपत्ता मिळायला लागला होता. श्याम तोयोसूच्या ऑफिसात जायचा, विभा भाषा शिकायची, आणि मी भिंतीतल्या गाद्यांच्या कपाटात, रजयांच्या मागे पडून असायची. तिथून दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं यायचं.

त्यांना मुलगी झाली, स्वरूपा. ती जपानी शाळेत जायला लागली, आणि एके दिवशी घरी येऊन शाळेतली काही गंमत आईला सांगू लागली. अर्धी मराठीत, अर्धी जपानीत. वाक्य संपायच्या आधीच ती हसली आणि उरलेलं वाक्य त्या हसण्यातूनच बाहेर आलं.

मित्रांनो, मी अंधारात दचकले. हे हसू मला पाठ होतं. ते माझ्या फितीवर होतं.

“आधी वाक्य पूर्ण कर,” विभा म्हणाली. “मग हस. कुणाला कळतं का तू काय बोलतेस?”

एरवी विभा काही कडक आई नव्हती. सांडलवंड, तोडफोड, सगळं चालायचं. ह्या एका गोष्टीला मात्र ती दर वेळी टोकायची. आपल्याला एक मावशी होती, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. तो विषय जवळपास आला की विभा भाजी चिरायला उठायची. श्यामला कादंबरी ठाऊक होती, ती फोटोतली. माझ्या पोटात ती बोलते, चालते, हे त्यालाही माहीत नव्हतं.

जपानमध्ये वर्ष संपताना घराची मोठी साफसफाई करतात. ती पद्धत ह्या घरानंही उचलली होती. स्वरूपा थोडी मोठी झाल्यावर एका वर्षी विभाला जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम होतं, म्हणून कपाट उपसायला श्याम आणि स्वरूपा दोघंच होते. रजयांच्या मागून मी बाहेर निघाले.

नेमक्या त्याच संध्याकाळी टीव्हीवर शाळेतल्या मुलींची एक जपानी मालिका लागणार होती. आयांच्या वेळची गाजलेली मालिका, नव्या मुलींना घेऊन पुन्हा केलेली. स्वरूपाच्या वर्गातल्या सगळ्या मुली ती बघणार होत्या, आणि ह्यांना तर जेवायला योकोहामाला जायचं होतं. पोरगी रडकुंडीला आली होती. घरात व्हिडिओ होता, पुण्याला परतलेल्या एका कुटुंबाकडून घेतलेला, पण कोरी कॅसेट एकही नव्हती.

श्यामनं मला त्या व्हिडिओत घातलं. आता हे कुणी त्याला सांगायला हवं होतं, की भारतातल्या कॅसेटची पद्धत वेगळी आणि जपानच्या यंत्राची वेगळी. पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा पळाल्या आणि आवाज चिमण्या भांडल्यासारखा यायला लागला. त्या चिवचिवाटात कादंबरी जीव तोडून बोलत होती.

“ही गेली कामातून,” श्याम म्हणाला. “पुण्यातच बुरशी लागली असणार. नावही नाही घातलेलं.”

“मामा नि किकु?” स्वरूपानं विचारलं. आईला विचारू का, असं.

“आई कामावर आहे. एवढ्याशासाठी कशाला फोन? कॅसेटच तर आहे.”

मोडलेल्या पात्याच्या जागी त्यानं चिकटपट्टी लावली. चांगली दाबून लावली, माणूस कामात नीटनेटका आहे. मग विभा कामावरून आल्यावर ते तिघं योकोहामाला गेले आणि घरात कुणी नसताना, लाल दिवा लावून, ते यंत्र माझ्यावरून फिरलं. प्रसंग एकेक करून गेले. मला ओरडता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून हरीशदादांचा फोन आला.

“विभा, ‘सायकल स्टँड’ पुन्हा करतोय आम्ही, आताच्या मुलांसाठी. मोबाइल असतील, स्कूटर असतील. पण माणसं मला तीच हवीत.”

“शरयू?”

“तिच्यासाठीच फोन केला. चॅनेलनं जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, काही उरलेलं नाही. नव्या मुलीला मी समजावायला जातो, पण ते हसणं सांगून कळत नाही गं. तिला दाखवावंच लागेल. आईंनी कॅसेट केली होती ना? ती नसेल तर मी शरयू लिहिणारच नाही. तिची नक्कल करून तिला हास्यास्पद नाही करायचं मला.”

“आहे, हरीशदादा. पाठवते मी.” फोन ठेवताना विभा किती वर्षांनी मोकळं बोलत होती. “लोक पुन्हा तिला ओळखतील, श्याम,” ती म्हणाली.

तिनं रजया बाजूला केल्या आणि मला ओढून काढलं. पाठवायच्या आधी एकदा बघायचं धाडस तिनं त्या दिवशी केलं. पडद्यावर शाळेच्या गणवेशातल्या जपानी मुली आल्या, स्वच्छ, ठळक, एकही रेघ नाही.

“ही माझी मालिका,” स्वरूपा आनंदानं म्हणाली.

श्यामनं विभाच्या चेहऱ्याकडे बघितलं. “काय होतं त्यात?”

“कादंबरी.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“नाही बोलले.”

आपलेच दात नि आपलेच ओठ, ती दोष कुणाला देणार होती?

जपानी मालिका संपल्यावर शेवटी थोड्या रेघा आणि चिवचिवाट उरला होता. भारतातल्या कॅसेटची पद्धत वेगळी, हे आता श्यामला कळलं होतं, म्हणून तेवढ्यासाठी ते तिघं मला अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात घेऊन गेले, जिथे दोन्ही पद्धतींची यंत्रं मिळतात. दुकानदारानं मला अदबीनं दोन्ही हातांनी घेतलं आणि लावलं. चित्र आलं. मालिकेच्या शेवटची नावं वर सरकत होती. मागे मुलं एकेक करून सायकली फाटकाबाहेर नेत होती. सगळ्यांच्या शेवटी कादंबरी. तिनं वळून बघितलं, काहीतरी बोलली आणि हसली. पण आवाज शीर्षकगीताचा होता.

“दारे?” स्वरूपानं विचारलं. कोण ही?

“तुझी मावशी,” विभा म्हणाली, आणि त्या अनोळखी दुकानात, वॉशिंग मशीनच्या रांगेत उभी राहून रडली.

घरी आल्यावर तिनं हरीशदादांना फोन करून खरं ते सांगितलं. नवी मालिका आली. निशी-कसाईतल्या मराठी घरांत तिच्या सीडी फिरल्या. चांगली होती म्हणतात. तिच्यात शरयू नव्हती.

एका रविवारी ती बघून झाल्यावर स्वरूपानं मराठीत विचारलं, “आई, मावशी कशी बोलायची?”

विभा भाजी चिरायला उठली नाही. “तुझ्यासारखी,” ती म्हणाली. “तू लहानपणी बोलायचीस ना, तशी. वाक्य संपायच्या आधी हसायची.”

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मला म्हणावंसं वाटलं. पण कळसाही तेव्हा काखेत राहिला नव्हता. टोकून टोकून पोरीची ती सवय केव्हाच गेली होती. हल्ली ती आधी वाक्य पूर्ण करायची, श्वास घ्यायची आणि मग हसायची.

“बोल ना तसं,” विभा म्हणाली. “एकदाच बोल. मी नाही रागावणार.”

स्वरूपानं प्रयत्न केला. शाळेतली काहीतरी गंमत तिनं सांगायला घेतली, मधेच हसून पाहिलं, आणि थांबली. “गोमेन, आई,” ती म्हणाली. “देकिनाई.” माफ कर, जमत नाही. विभानं तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, माझी चिकटपट्टी विभानं काढून टाकली आहे. मी आता रजयांच्या मागे नाही, टीव्हीशेजारी असते. माझ्यातली कादंबरी दाखवेल असं यंत्र घरात नाही, तरी असते. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, कुणीतरी गुंडाळून मागे ठेवलेली. ती घेऊन मोठ्यांकडे जा आणि विचारा, ह्यात कोण आहे. ते उठून जायला लागले तर हात धरून बसवा. आणि घरात कुणी मधेच हसलं तर हसू द्या.

परवा स्वरूपानं माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. मराठी अक्षरं तिला नुकतीच यायला लागली आहेत, म्हणून विभानं तिचा हात धरला होता. ‘कादंबरी मावशी’, असं लिहिलंय. माझ्या पोटात आता ती फार थोडी उरली आहे.