दादांचा तास

"दादांचा तास कापा," विभागप्रमुख म्हणाले. "सीटी स्कॅनचं लेक्चर वाढवू."

"नाही सर, तो राहू द्या," ती म्हणाली.

क्ष-किरण तंत्रज्ञांच्या वार्षिक प्रशिक्षणाची आखणी यंदा तिच्या गळ्यात पडली होती आणि आठवडाभर जिवाला चैन नव्हतं. नोंदणी टिकवायला प्रत्येकाला प्रशिक्षणाचे तास भरावे लागत, आणि विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ असलेल्या दादांनी वर्षभर एकाही वर्गाला तोंड दाखवलं नव्हतं. नोंदणी गेली की नोकरीही जाणार. शिकवलेला तासही धरला जातो, म्हणून तिने त्यांनाच उभं करायचा घाट घातला. तिला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा दादांनीच तर हाताला धरून शिकवलं होतं.

"मला कशाला गं या भानगडीत ओढतेस?" दादा कुरकुरले होते.

"छातीचा एक्स-रे दाखवा फक्त. झोपेतही काढाल तुम्ही!"

ते हसले नव्हते.

प्रशिक्षणाच्या दिवशी ती सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. दादा आले, तेही इस्त्रीच्या शर्टात. पेशंट म्हणून त्यांनी तिलाच स्टँडकडे तोंड करून उभं केलं. हनुवटी वर, खांदे पुढे. हात पूर्वीइतकेच हलके. तिचा जीव भांड्यात पडला.

"श्वास घ्या. रोखा."

फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो, पण 'सोडा' म्हणायला विसरायचं नाही, हे दादांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पेशंट बिचारा त्या शब्दासाठी थांबलेला असतो.

ती थांबली. छाती भरून आली, कान तापले. सभागृहातले सगळे दादांकडे बघत होते. तिने मान वळवली. दादा रिकाम्या नजरेने पुढचं काहीतरी शोधत होते.

"सोडा," शेवटी तीच हळूच म्हणाली. दादांनीही श्वास सोडला.

चहाच्या वेळी तिने त्यांना बाजूला घेतलं. "पेशंटसमोरही होतं असं?"

"हल्ली होतं." कप त्यांच्या हातात तसाच होता. "म्हणून तर वर्गाला येत नव्हतो. चारचौघांत कळलं असतं."

तिला रडू फुटलं. "मी उगाच..."

"बरं केलंस. आजचा तास माझ्या नोंदणीत धरू नकोस."

कुणीतरी शिशाचा एप्रन दुमडून खुर्चीवर टाकला होता. घडी पडली की आतलं शिसं तडकतं आणि किरण अडत नाहीत. दादांनी तो उचलला, हाताने सरळ केला आणि जाता जाता खुंटीला टांगला.