भरतीची वाट

गोठलेल्या द्वीना नदीवरच्या बर्फवाटेचा सगळा कारभार उस्तिन्या कोत्सोवाकडे होता, आणि तिचा शब्द मोडायची छाती अर्खांगेल्स्क बंदरात कुणाला नव्हती. आज मात्र दक्षिणेकडून नवीनच आलेला कॅप्टन झुबेंको हटून बसला होता. ब्रिटिश जहाजातून उतरलेले बारा रणगाडे पलीकडच्या काठावर न्यायचे होते. तिथून बरोबर बाराला आघाडीवर जाणारी आगगाडी सुटणार होती.

दहा वाजले होते. उस्तिन्याने काठाजवळ बर्फाला भोक पाडलं, काठी घातली. पाणी खाली गेलेलं.

“ओहोटी आहे. बर्फ अधांतरी लटकतोय. तीन तास थांबा.”

“मावशी, दोन हात जाड बर्फ आहे!”

“तुमच्या गावच्या नदीला समुद्राची भरती येते? नाही ना? मग गप बसा.”

“गाडी थांबणार नाही. अन् शत्रूची विमानं आली तर रणगाडे काठावरच जातील!”

“नि आत्ता सोडले तर तळाला जातील. मी नाही सोडायची.”

कॅप्टन तणतणत पायीच पलीकडे निघून गेला.

बोलली खरी, पण तिची नजर पुन्हा पुन्हा रणगाड्यांकडे जात होती. ब्रिटिश जहाजावरचा एक म्हातारा खलाशी अजून रणगाड्यांपाशीच होता, त्यांच्यावरचा बर्फ बाहीने पुसत. त्याच्या जहाजाबरोबर निघालेली दोन जहाजं वाटेत बुडालेली, तरी हे लोक आले. ना ओळख, ना भाषा एक. काय छातीची माणसं! त्यांनी एवढं करून दारात आणलेलं आपण उंबऱ्यात बुडवायचं?

एकच्या सुमाराला बर्फ कण्हू लागला. चालकांचे चेहरे उतरले.

“घाबरताय काय रे? पाणी त्याला उचलतंय. रणगाड्यांची झाकणं उघडी ठेवा नि माझ्या मागे या.”

बर्फावरून जायला जो ‘हो’ म्हणतो त्यानेच पहिल्या रणगाड्यापुढे चालायचं, हा तिथला रिवाज. उस्तिन्या चालली. मागून बाराच्या बारा आले.

पलीकडे बाराची गाडी अजून उभीच! इंजिनचालक कॅप्टनच्या नावाने ओरडत होता. झुबेंकोने ओव्हरकोटातून इंजिन चालवायचा लोखंडी दांडा काढला आणि त्याच्या हातात दिला.

“अरे देवा! गाडी अडवलीत? कोर्टापुढे उभं करतील तुम्हाला,” उस्तिन्या म्हणाली.

“करू देत. भरतीतलं मला काही कळत नाही, मावशी. तुम्ही रणगाडे चढवा.”