झारीची पाठ

"पाठ भिंतीकडे! अवं, पाठ भिंतीकडे ठेवली यांनी!" श्यामकांतराव इतक्या जोरात बोलले की संग्रहालयातली माणसं वळून पाहायला लागली.

काचेच्या पेटीत कांस्याची झारी होती. इराणात घडलेली, बाराशे वर्षांमागची. गोल पोट, उंच गळा आणि तोटीवर चोच उघडलेला कोंबडा. रायपूरला ती प्रदर्शनापुरती आली होती. रमाबाईंना मात्र तिचं अंगन् अंग पाठ होतं, कारण संसारात ही सवत पहिल्यापासून होती!

श्यामकांतराव रायपूरजवळच्या उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये ड्राफ्ट्समन होते. एका जुन्या कॅलेंडरवर त्यांना या झारीचा फोटो दिसला आणि गडी वेडा झाला. समोरून, बाजूनं, वरून, सगळी चित्रं काढली. मागची बाजू तेवढी कोरी राहिली, कारण फोटोत ती नव्हतीच.

"काढा ना काहीतरी. कोण पाहायले येऊन राहिलं?" असं रमाबाई म्हणायच्या.

"न पाहिलेली रेघ मी मारत नाही," हे ठरलेलं उत्तर.

मग त्यांचा हात कापायला लागला. पेन्सिली खणात गेल्या आणि घर मुकं झालं. झारी गावात आल्याचं कळलं, तेव्हा रमाबाईंच्या जिवात जीव आला. एकदा पाठ पाहिली की हा माणूस पुन्हा कागदावर बसेल, एवढीच त्यांची आशा होती. आणि आता ही भिंत!

"चला, समोरून तर पाहा," त्या समजावत म्हणाल्या.

श्यामकांतराव रुसल्यासारखे पाहू लागले, पण लगेच विरघळले. "गळा पाह्य कसा उंच, तरी पडेलशी वाटत नाही. सगळा भार खाली पोटात दिला. अन् हा कोंबडा! पाणी ओतलं की बांग देत असंल, रमा!"

पेटी आणि भिंतीत वीतभर फट होती. मोबाईल दारातच जमा करून घेतलेले. रमाबाईंनी पर्समधून टिकली लावायचा आरसा काढला.

"ओ माताजी, ये क्या कर रहे हो?" पहारेकरी हिरालाल धावत आला.

"भैया, काच को हाथ नहीं लगाते. इनको बस पीछे का देखना है. पूरी उमर से देखना है."

हिरालालनं म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. "हव, देख लो. जल्दी."

रमाबाईंनी फटीत हात घालून आरसा धरला. श्यामकांतराव वाकले. मान तिरकी करून आरशात डोकावले. आणि एकदम ते खो खो हसत सुटले.

"चुकला! अवं, कारागीर चुकला! पोटाभोवती वेल फिरवत आणली, अन् मागं पानांचा हिशोबच जमला नाही. फट उरली. मग पठ्ठ्यानं तिच्यात पाखरू कोंबलं! मान मोडून, शेपटी वाकडी करून बसलं बिचारं!"

हिरालालनंही वाकून पाहिलं. "अरे, चिड़िया!" तोही हसला. इतके दिवस राखण करत होता, पण पाठ त्यानंही पाहिली नव्हती.

घरी येताच श्यामकांतरावांनी चप्पल काढायच्या आत खण उघडला. जुना कागद टेबलावर पसरला. "आरशात उलटं दिसते, म्हणजे चोच डावीकडे," असं पुटपुटत पेन्सिल टेकवली. हात थरथरला आणि पाखराची शेपटी भलतीकडेच गेली. रमाबाईंनी हळूच रबर पुढे केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "त्या कारागिराचीही वाकडीच आहे."

रमाबाईंनी रबर डब्यात ठेवलं आणि डोळे पुसत चहा टाकायला गेल्या. आधणाला उकळी येईस्तोवर बाहेरून पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज येत होता.