परतीची बारा पावलं

साहेब, रझियाची अर्धी चाल तुम्ही गिळलीत. कडू वाटतंय? वाटू दे.

मित्रांनो, मी एक जुनी चालपट्टी आहे. काळ्या रबराची, बारा पावलं लांब. पुण्यातल्या एका दवाखान्यात स्नायू दुबळे करणारा आजार झालेली माणसं माझ्यावरून चालतात आणि त्यांची चाल मोजली जाते. पूर्वी हे काम तुळजाबाईंचं होतं. त्या पेशंटच्या तळपायांना पावडर लावायच्या, चालवायच्या आणि खाली बसून माझ्यावरचे ठसे टेपने मोजायच्या. जातानाचे, आणि येतानाचेही. "डॉक्टर, आधी माझ्या पट्टीला विचारा," असं ऐटीत म्हणायच्या. तेव्हा मी काय फुगायचे!

तुळजाबाई निवृत्त झाल्या आणि कॉम्प्युटर आला. आता पेशंटच्या सांध्यांवर चमकते ठिपके चिकटवतात, कॅमेरे ते टिपतात आणि पडद्यावर रेघांचं एक बाहुलं तसंच चालू लागतं. कुठला स्नायू किती जोर लावतो, तेही म्हणे सांगतं. पाहुणे येतात, बाहुल्याचे फोटो काढतात. तेही माझ्यावर बूट घालून उभे राहून! मी जळते. हो, जळते. त्याला वजन नाही, घाम नाही, पडलं तर लागत नाही. आणि कौतुक सगळं त्याचं. मी उरले ती फरशीवर कुणी घसरू नये म्हणून.

आज बिबवेवाडीची रझिया आली. वय एकोणीस. घरच्या जिन्यावर दोनदा पडलेली. पायाला आधार देणारा कॅलिपर मिळावा, एवढंच मागणं. दाराशी चपला काढून ती माझ्यावर आली, तशी तिची आई मुमताज कुजबुजली, "नीट चाल गं. साहेब बघतायत."

आपल्याकडे साहेबांसमोर सगळे नीटच चालतात. रझियाने श्वास रोखला, ओठ चावला आणि बारा पावलं ताठ टाकली.

"ओके, झालं!" डॉक्टरसाहेबांनी कॅमेरे बंद केले.

मग ती चपलांकडे परत निघाली. पोट पुढे, कंबर दोन्हीकडे झुलतेय, उजवा चवडा माझ्यावरून घासत येतोय. ही तिची खरी चाल. पडद्याला तिचा पत्ताच नाही.

"वा, चाल सरळ आहे," साहेब बाहुल्याकडे बघत म्हणाले. "कॅलिपर कशाला?"

"अहो, ती परवाच पडली," मुमताज म्हणाली.

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

"त्याला आमच्याकडे राहायला पाठवा, साहेब. तिसरा मजला आहे."

मित्रांनो, ते बाहुलं मला डोळ्यांसमोर नको असतं. पण खोटं ते बोललं नाही. जेवढी पावलं दिली, तेवढीच चाललं. यंत्रं जरूर जपा. पण कुणी बघत नसताना माणूस कसा चालतो, तेही बघत जा.

आणि साहेब, "गरज नाही" लिहून तुम्ही सही केलीत. मुमताज अजून बाहेर बाकावर बसलीय, लेकीचा पाय मांडीवर घेऊन. मी हेव्याने बोलते म्हणा हवं तर. पण रझियाला पुन्हा चालवणार का, कॅमेरे शेवटपर्यंत चालू ठेवून? हो की नाही, तेवढं सांगा.