साहेबांचे अकरा सेकंद

काकांच्या स्टुडिओत आम्ही चौघं. काका फोटो काढतात, काकू काउंटर सांभाळते, मी कॉम्प्युटरवर लोकांच्या चेहऱ्यावरचे फोड घालवते, आणि चौथे साहेब. साहेब म्हणजे काकांचा डिजिटल एसएलआर कॅमेरा. अठरा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा असा कॅमेरा आसपास कुणाकडेच नव्हता. आता पुन्हा कुणाकडेच नाही.

गेल्या महिन्यात आम्ही नवा कॅमेरा घेतला. काकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं, खोक्यात ठेवला आणि साहेबांनाच गळ्यात घालून फिरू लागले. काकूने आठवडाभर पाहिलं. मग परस्पर कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला निरोप धाडला: मंगळवारी पाच वाजता ये, जुना खोलून सुटे भाग घेऊन जा. मला म्हणाली, "साहेबांचे गुणदोष कागदावर लिही. उगाच अन्याय नको व्हायला." म्हणजे फाशी ठरलेलीच होती, फक्त खटला रीतसर हवा होता.

मी लिहायला बसले. दोष भराभर सुचले. वजन एवढं, की काकांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. शिंपी तो फरक धरूनच सदरा बेततो. बॅटरी चाळीस फोटोंत मान टाकते, म्हणून थंडीत काका दुसरी बॅटरी काखेत धरून ऊब देतात आणि गिऱ्हाइकांना एकाच हाताने नमस्कार करतात. उजेड कमी असेल तर फोटोवर कुणी मूठभर रवा फेकल्यासारखं दिसतं. साहेबांच्या पाठीवरचा स्क्रीन टपालाच्या तिकिटाएवढा. त्यावर सगळेच फोटो उत्तम दिसतात. शिवाय प्रत्येक फोटोत एकाच जागी एक लाल ठिपका उमटतो, बहुतेक वेळा डाव्या कानाखाली. मी तो रोज पुसते. एकदा विसरले, तर एक गृहस्थ फोटो घेऊन थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी भिंगातून पाहिला, मग भिंतीवरचा स्वतःचा फोटो पाहिला आणि दोघांनाही एकच मलम लिहून दिलं. डॉक्टरांचा फोटोही आमच्याकडचाच.

सर्वांत मोठा दोष मी शेवटी लिहिला. तीन फोटो काढले की साहेब अडकतात. लाल दिवा लागतो, फोटो कार्डावर उतरायला अकरा सेकंद लागतात, तोवर बटण दाबा नाहीतर नवस बोला, साहेब हलत नाहीत.

गुणांच्या रकान्यात दोनच ओळी झाल्या. एक, कातडीचा रंग खरा येतो. नव्या कॅमेऱ्यात सगळे नुकतेच सहलीहून आल्यासारखे दिसतात. साहेबांच्या फोटोत ज्याला ताप आहे त्याला ताप दिसतो. दोन, साहेब एकदा जिन्यावरून पडले होते. पायरीचा टवका उडाला.

मंगळवारी दुरुस्तीवाला पाचला दहा कमी असतानाच आला. बाकावर बसला, मांडीवर रुमाल अंथरला आणि त्यावर स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे लावून ठेवले. मी कागद वाचून दाखवला. दोष सहा, गुण दोन. काका मान खाली घालून साहेबांच्या काचेवर फुंकर मारत होते. दुरुस्तीवाल्याने तेवढ्यात, शटर काढून घेतलं की उरलेले साहेब परत आणून देईन, असं आपलं चांगुलपणाने सांगितलं.

मग काका काकूला म्हणाले, "शेवटचा फोटो तुझा काढतो."

काकूचा फोटो हा घरातला दुखरा विषय. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. लग्नाला तीस वर्षं झाली, नवरा फोटोग्राफर, आणि डोळे उघडे असलेला एक फोटो नाही. पासपोर्टच्या माणसानेही विचारलं होतं, बाई झोपेत असताना काढला का. क्लिक व्हायच्या क्षणी तिच्या पापण्या पडतात. त्यात दोन फोटो झाले की "झालं का? गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून ती उठते.

"आधी नव्या कॅमेऱ्याने काढू दे हिला," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाली. "डोळे उघडे आले ना, विषय संपला. नाही आले तर तुमच्या साहेबांनी काढून दाखवावा. मग म्हणाल तसं."

मी नवा कॅमेरा उचलला. सेकंदाला आठ फोटो. पाच सेकंद बोट दाबून धरलं. चाळीस फोटो आले, चाळिसांत डोळे मिटलेले. ओळीने पाहिले तर बाई ध्यानाला बसलीय आणि मागचा पडदा वाऱ्याने हलतोय, असा लहानसा चित्रपट झाला.

आता काका. खटाक. मिटलेले. खटाक. काकू सवयीने उठायला लागली, पण पैज तिनेच लावलेली, परत बसली. खटाक. लाल दिवा लागला. साहेब अडकले.

काका नुसते उभे राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं, निरोपाचं काहीतरी पुटपुटताहेत. जवळ होते म्हणून ऐकू आलं: चार, पाच, सहा.

इकडे काकूचा धीर सुटला. "बघा, पुन्हा बसलं ते," ती म्हणाली. "अठरा वर्षं हेच. माझ्या भावाच्या लग्नात अडकलं, हिच्या बारशाला अडकलं, आणि तुम्ही आपले त्याच्यासमोर हात बांधून उभे, जसं काही तेच तुमचं..."

खटाक.

साहेबांच्या तिकिटाएवढ्या स्क्रीनवर काहीच कळेना. मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. दुरुस्तीवालाही रुमाल तसाच हातात धरून मागे येऊन उभा राहिला. फोटो वरून खाली, ओळीओळीने उतरू लागला: केस, कपाळ, भुवया.

डोळे उघडे होते. चांगले टपोरे, रागाने चमकणारे. बोट उगारलेलं, तोंड अर्धवट उघडं, डाव्या कानाखाली लाल ठिपका. पैजेत तोंडाबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं.

काकूने खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाली, "मी अशी दिसते?"

"मला तर रोज अशीच दिसतेस," काका म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे परत पिशवीत भरले. जाताना म्हणाला, माझी बायकोही डोळे मिटते, रविवारी घेऊन येऊ का. काकूने काउंटरवरची वही ओढली आणि त्याची वेळ लिहून घेतली.

फोटो किती मोठा छापू, असं मी विचारलं. भिंतीएवढा केला तर सहा मेगापिक्सेलचे चौकोन दिसतील, तो सातवा दोष लिहायचा राहिला होता. काका म्हणाले, पाकिटात मावेल एवढाच कर. मी ठिपका पुसायला घेतला.

"राहू दे तो," काकू म्हणाली. "नाहीतर कुणी काढलाय ते कसं कळणार."