तीनशे नव्वद मायक्रॉन

साकीनाक्याच्या गाडी-पॉलिशच्या गाळ्यात शिरताशिरताच सहदेवने जाहीर करून टाकलं, "सहा वर्षांची गाडी, पण एक ओरखडा नाही. का? तर माझ्याशिवाय स्टिअरिंगला कोणाचा हात नाही." भाच्याच्या लग्नाला कुडाळला जायचं होतं आणि त्याआधी मशीन पॉलिश करून गाडी चकाचक हवी होती. 'एक ओरखडा नाही' हे त्याची बायको प्रेमा भांडुपपासून तिसऱ्यांदा ऐकत होती. तिने हळूच बोटं पदरात लपवली.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! महिन्यापूर्वी सहदेव दुपारचा घोरत असताना तिने गाडी बिल्डिंगच्या गेटबाहेर काढली होती. ड्रायव्हिंग स्कूल त्याच्या नकळत पुरं झालं होतं, सराव तेवढा हवा होता. परत रिव्हर्सने आत घेताना मागचं डावं दार खरचटलं. गाडी मरून रंगाची, घरातली नेलपॉलिशही मरून. तिने चार हात मारले, वाळवले, पुन्हा चार मारले. आता गुरुवारी आरटीओत टेस्ट होती. ओरखड्याचं त्याआधी कळलं तर सहदेव किल्ली कपाटात टाकेल आणि टेस्टचं नावही काढता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गाळ्याची मालकीण दर्शना थेट पॉलिशचं मशीन लावेल, असं प्रेमाला वाटलं होतं. ती आली काडेपेटीएवढं यंत्र घेऊन. ते पत्र्याला टेकवलं की टिक वाजायचं आणि आकडा यायचा. तो चिकटपट्टीवर लिहून ती तिथेच डकवायची. बॉनेट एकशे बारा. उजवं दार एकशे आठ.

"काय मोजतेस गं?" भीती होतीच, पण प्रेमाला राहवेना.

"रंगाची जाडी, काकू. मायक्रॉनमध्ये. पॉलिशचं मशीन थोडा रंग खातंच ना, पातळ जागी फिरवलं तर वाट लागली. कंपनीचा रंग शंभर-सव्वाशे भरतो. खूप जास्त आला तर समजायचं, वरून कोणीतरी हात मारलाय."

प्रेमाची नजर डाव्या दाराकडे गेली. तरी ती यंत्राच्या मागेमागे चालत राहिली. आपल्याला दिसत नाही ते या डबीला कसं कळतं, हे तिला बघायचंच होतं.

डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर आकडा आला सातशे चाळीस.

"मशीन बिघडलंय," सहदेव म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

"नाही काका. आत पुट्टी भरलीय. मोठा चेपा असणार."

सहदेवने रुमालाने कोरडीच मान पुसली. "मे महिन्यात तू बहिणीकडे होतीस ना, तेव्हा... रिव्हर्स घेताना. तू यायच्या आत करून घेतलं गो."

'बायकांचं काम नाही ते' असं सहा वर्षं ऐकवणारा हाच तो माणूस! प्रेमाला हसूही फुटत होतं आणि संतापही आला होता. चांगलं सुनवायला तिने तोंड उघडलं, तोच टिक वाजलं. दर्शना डाव्या दाराशी पोचली होती.

दर्शनाने आकडा बघितला, दार निरखलं, मग पदरातून बाहेर आलेली प्रेमाची मरून नखं बघितली. चिकटपट्टी फाडली, पण पेन उचललं नाही. "इथे हातानेच पुसते," ती म्हणाली.

पोरीने सुटायची वाट करून दिली होती. पण आता लपवलं, तर आपल्यात आणि यांच्यात फरक काय, असं प्रेमाला वाटलं.

"लिही गं. किती?"

"तीनशे नव्वद."

"अहो, ते माझे. नेलपॉलिश आहे. मी गाडी शिकलेय, गुरुवारी टेस्ट आहे."

दर्शनाने द्रावणाने नेलपॉलिश पुसली आणि खालची लांब रेघ उघडी पडली. सहदेव गुडघ्यावर बसला आणि त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

"गेटचा डावा खांब?"

"हो."

"मेलो आडवोच उभो आसा," तो पुटपुटला. "माझी पण तिथेच लागली."

तो उठला आणि दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे पुन्हा बघून आला.

"गुरुवारी किती वाजता?"

"साडेनऊला."

"मग उद्या सकाळी त्या खांबाशी रिव्हर्स शिकू," सहदेव म्हणाला. "दोघंही."